बिस्किटाच्या पुड्यावर काय वाचाल?

वाटीभर मैदा पाण्यात घट्ट मळा, गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मग पाणी बदलत बोटांनी हलके चोळून धुवा. दुधासारखे पाणी निघेल, ते पिष्ट. ते संपले की हातात चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरेल. हेच ग्लुटेन, गव्हातील प्रथिन. आता तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिठाचा गोळा तसाच धुऊन पाहा. हाती काहीच लागणार नाही! यीस्टने निर्माण केलेला वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो म्हणून पाव फुगतो, आणि ज्वारीत ते जाळे नाही म्हणून भाकरी थापताना कडेला चिरते.

हेच प्रथिन काहींना बाधते. सीलिअ‍ॅक रोग असलेल्या मुलाने ग्लुटेन खाल्ले की त्याच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषणारे बोटांसारखे रसांकुर सपाट होतात, अंगी काही लागत नाही, वाढ खुंटते. या रोगाचे मूळ गव्हात आहे, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले. आजही उपाय एकच, ग्लुटेन जन्मभर वर्ज्य.

असा एखादा मित्र तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्यापुढे बिस्किटाचा पुडा धरण्याआधी घटकांची यादी वाचा. गहू तेथे अनेक नावांनी येतो: मैदा, आटा, रवा, सेमोलिना. माल्ट म्हणजे मोड आणलेले सातू, अर्थात बार्ली. त्यातही ग्लुटेनच्या जातीचे प्रथिन असते. पुढच्या बाजूला ठळक ‘नाचणी’ छापलेले असले तरी फसू नका. यादीत पहिले नाव पुष्कळदा मैद्याचेच निघते. आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, हे ध्यानात ठेवा. यादीखाली ‘गहू आहे’ किंवा ‘गव्हाचा अंश असू शकेल’ अशी सूचना आहे का, तेही पाहा. खारी बिस्किटे, मसाला टोस्ट यांत हिंग असेल तर आणखी सावध राहा, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो.

शाळेतल्या आयोडीनच्या द्रावणाने ही परीक्षा होईल का? नाही. आयोडीन पिष्टाला निळे करते, आणि पिष्ट तांदळातही आहेच. ग्लुटेन शोधायला प्रयोगशाळेत त्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड वापरतात.

इतकी काटेकोर परीक्षा कशासाठी? आपल्याकडे ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. मैद्यात ते शेकडा सुमारे ८ धरा. म्हणजे १ ग्रॅम मैद्यात ८० मिलिग्रॅम. तेव्हा चिमूटभर, अवघा १ ग्रॅम मैदा उडून पडला, तर तांदळाची तब्बल ४ किलो बिस्किटे त्या मर्यादेला पोचतात! ज्या बेकरीत मैद्याचा पाव आणि तांदळाची बिस्किटे एकाच टेबलावर, त्याच पत्र्यांवर भाजली जातात, तेथला सुटा माल म्हणूनच अशा मुलाला चालत नाही, मग विक्रेता काहीही सांगो.

एक गोष्ट मात्र करू नका. पोट दुखते म्हणून आपणहून गहू सोडून बसू नका. गहू बंद केल्यावर रक्ताची तपासणी केली, तर रोग असूनही तो दिसत नाही. आधी डॉक्टर, मग पथ्य. आणि पथ्य सुरू असलेल्या घरी तोच छाप, तोच रंग असला तरी पुडा दर खेपेस वाचावा. कारखानदार घटक बदलतात, वेष्टनावरचे चित्र तेच राहते.