पाव मिलिमीटरच्या सात तारा

तारेच्या तुकड्यावर लेख तो काय लिहायचा, असे वाचक म्हणतील. दोन वर्षांपूर्वी मीही तेच म्हणालो असतो.

आमच्या दादाला अर्धांगाचा झटका आला. उजव्या हाताची बोटे हळूहळू हलू लागली, पण व्यायामाचा त्याला भारी कंटाळा. तेव्हा मला एक युक्ती सुचली. लहानपणी आम्ही दोघे व्हिडिओ पार्लरमध्ये 'गॅलागा' खेळत असू. हा 1981 सालचा जपानी खेळ. दांड्याने विमान डावीउजवीकडे न्यायचे, बटण दाबले की गोळी. तसले यंत्र घरीच करायचे ठरवले. कपाट सुताराने केले, खेळ छोट्या संगणकावर बसवला; दांडा आणि बटणे मात्र मी स्वतः जोडली. तार घरात होतीच. टेलिफोनची, उरलेली, आत एकपदरी तांबे. फुकटची!

पंधरा दिवस दादा रमला. मग एका संध्याकाळी त्याने बटण दाबले, गोळी सुटेना. पुन्हा दाबले. हात मांडीवर ठेवून तो म्हणाला, "राहू दे रे. बोटात जोरच उरला नाही." चार दिवस तो त्या खोलीकडे फिरकला नाही.

पाचव्या दिवशी मी बटणांची फळी उघडली. तार तुटली होती, तीही आवरणाच्या आत. बाहेरून अगदी शाबूत! आल्यागेल्याला फळी उघडून दाखवण्याची माझी हौस तिला भोवली होती. एकपदरी तांबे वरचेवर वाकवले की कडक होते आणि तुटते. सोलताना सुरीची खाच पडली असेल तर नेमके तिथेच.

तडक लॅमिंग्टन रोड गाठला. (सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग.) दुकानदाराने विचारले, "किती अँपिअरची, साहेब?" नवखा फसतो तो इथेच. या बटणांतून जेमतेम 5 व्होल्ट आणि फार तर काही मिलिअँपिअर वीज जाते. तेवढ्याला केसासारखी तारही पुरे. जाडी हवी ती ओढाताण सोसायला आणि क्लिपमध्ये घट्ट बसायला. बटणाच्या पात्यावर चढणारी लाल टोपीची क्लिप 22 ते 16 गेजच्या तारेसाठी असते. बारीक तार तिच्यातून निसटते. म्हणून 22 गेज घेतली, पण पाव मिलिमीटरच्या सात तारा एकत्र वळलेली. टोकाला कथलाचा डाख देण्याचा मोह होतो. देऊ नये. सात तारांची पुन्हा एक ताठ काडी होते, आणि क्लिपमध्ये दाबलेले कथील दिवसेंदिवस ढिले पडते.

साऱ्या बटणांची दुसरी बाजू एकाच काळ्या तारेने माळेसारखी गुंफतात. माळ मध्येच तुटली की पुढची सगळी बटणे मुकी! मी तिची दोन्ही टोके बोर्डाला आणून जोडली. एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालते. बिजागरीपाशी चार बोटे ढील सोडली.

मग तुटका तुकडा दादापुढे ठेवला. चष्मा लावून त्याने तो उलटसुलट पाहिला.

"गाढवा, फुकटची तार वापरलीस होय? आणि मी इकडे..."

वाक्य त्याने पुरे केले नाही. उठून खोलीत गेला. त्या रात्री वहिनींना जेवणासाठी तीनदा हाक मारावी लागली.