ओइशींचे फुगे

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना तेवढंच, येतानाही तेवढंच. मग परतीचं विमान साधारण तासभर कमी वेळ का घेतं, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तरही त्यांनीच सुचवलं आहे: ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून ना?’

नाही! गंमत अशी की, हे कारण खरं असतं तर निकाल नेमका उलटा लागला असता. विमानाखालून पृथ्वी पूर्वेकडे सरकत असती, तर लंडन आपणहून जवळ आलं असतं आणि परतताना मुंबई पुढे पुढे पळाली असती. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५७५ किलोमीटर वेगाने फिरते. हेलिकॉप्टरने सांताक्रूझवर तासभर नुसतं तरंगायचं, की खाली ओमानचा किनारा हजर! तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबरच फिरते. डेक्कन क्वीनच्या डब्यात शिरलेली माशी इंजिनाकडे उडो की गार्डाकडे, तिला मेहनत तेवढीच.

खरा सूत्रधार वारा. उष्ण प्रदेशातून ध्रुवांकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते (वाचकांचं उत्तर असं मागच्या दाराने थोडंसं बरोबर ठरतं!) आणि नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहू लागतो. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. समोरून सरासरी ५० किलोमीटरचा वारा असेल, तर लंडनला साडेआठ तास. तोच वारा पाठीशी असेल, तर ७ तास ३५ मिनिटं. वळसे आणि चढ-उतार यांचा वेळ वेगळा.

२०१६च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे, हाच वारा पाठीशी घेऊन नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं, तरी प्रवास साडेचौदा तासांत उरकला. वेळ वाचला तो सुमारे दोन तासांचा.

या वाऱ्याची पहिली पद्धतशीर नोंद करणारे वासाबुरो ओइशी मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत. जपानमधल्या तातेनो वेधशाळेचे ते प्रमुख. फुगा सोडायचा, थिओडोलाइटला डोळा लावायचा आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत ठरावीक वेळाने दोन कोन टिपत राहायचं. बाकी सगळी त्रिकोणमिती. २ डिसेंबर १९२४ रोजी नऊ किलोमीटर उंचीवर वारा निघाला सेकंदाला ७२ मीटर, म्हणजे ताशी जवळपास २६० किलोमीटर! १९२६ साली त्यांनी निष्कर्ष छापले ते एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना वाचता यावेत, हा हेतू. वाचले जवळजवळ कुणीच नाहीत.

पुढे नोव्हेंबर १९४४मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर पोचली, तेव्हा याच वाऱ्याने त्यांना असं रेटलं की बॉम्ब भलतीकडेच पडले. तोवर जपानी लष्कराने याच वाऱ्यावर बॉम्ब लटकवलेले फुगे अमेरिकेकडे सोडायला सुरुवातही केली होती. जेट स्ट्रीम महायुद्धातल्या वैमानिकांनी शोधला, असं आजही सर्रास छापून येतं. वैमानिकांना तो भोवला. मोजला होता ओइशींनी, वीस वर्षं आधी.