एक सामना, दोन चेंडू

यजमान आणि पाहुणा एकाच पंगतीला बसले, म्हणजे वाढणाऱ्याचा हात कोणाकडे झुकतो इकडे साऱ्यांचे लक्ष लागते. फुटबॉलची पहिली जागतिक स्पर्धा १९३० साली दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या लहानशा देशात भरली आणि यजमानांनीच ती जिंकली. तो विजय केवळ घरच्या मैदानाचा प्रसाद होता काय, हा प्रश्न साहजिकच मनात येतो.

प्रथम यजमानपदाचाच विचार करू. वीस लाखांहून कमी वस्तीच्या या देशाने १९२४ साली पॅरिसमध्ये आणि १९२८ साली अॅमस्टरडॅममध्ये ऑलिंपिकचे सुवर्णपदक पटकावले होते. शिवाय १८ जुलै १९३० रोजी त्याच्या पहिल्या राज्यघटनेला शंभर वर्षे पूर्ण होणार होती. येणाऱ्या संघांच्या प्रवासाचा व निवासाचा खर्च आपण सोसू, असे उरुग्वेने कळवले, आणि १९२९ साली बार्सिलोना येथील बैठकीत त्याची निवड झाली.

आमंत्रणे गेली, परंतु युरोप जागचा हलेना. त्या काळी अटलांटिक ओलांडायचा म्हणजे एका बाजूचाच जलप्रवास सुमारे पंधरा दिवसांचा. खेळाडूंना दोन महिने सोडण्यास संस्था तयार नव्हत्या. अखेर युरोपातून फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया व युगोस्लाव्हिया एवढेच चार संघ निघाले. त्यांतील पहिले तिघे ‘कोंते व्हेर्दे’ या एकाच जहाजातून गेले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष ज्यूल रिमे हेही विजयचषक घेऊन त्याच जहाजावर होते. एकंदर तेरा संघ जमले.

सारे सामने मॉन्टेव्हिडिओ या राजधानीतच झाले. शताब्दीनिमित्त बांधावयास घेतलेले ‘सेंटेनारिओ’ हे भव्य क्रीडागार १३ जुलैला, स्पर्धा सुरू झाली तेव्हा, अपुरेच होते. म्हणून आरंभीचे सामने शहरातील लहान मैदानांवर उरकावे लागले. शताब्दीच्या दिवशी मात्र यजमानांनी नव्या क्रीडागारात प्रवेश केला.

अंतिम सामना ३० जुलैला उरुग्वे आणि शेजारचा अर्जेंटिना यांच्यात ठरला. नदीपलीकडून अर्जेंटिनाचे प्रेक्षक बोटी भरभरून निघाले. प्रवेशद्वारी शस्त्रांसाठी झडत्या घेतल्या गेल्या. बेल्जियमचे पंच लांगेनुस यांनी आपल्या सुरक्षिततेची हमी मागून घेतली, यावरून वातावरणाची कल्पना यावी. त्यात चेंडूचा वाद निघाला. प्रत्येक संघाला आपल्याच देशातला चेंडू हवा होता. तोडगा असा निघाला की, पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने खेळावा आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या.

मध्यंतरास अर्जेंटिना २-१ असा पुढे होता. उत्तरार्धात उरुग्वेने तीन गोल केले आणि ४-२ असा सामना जिंकला. अखेरचा गोल एक्तोर कास्त्रोचा. लहानपणी एका अपघातात त्याने उजव्या हाताचा पुढचा भाग गमावला होता.

दुसऱ्या दिवशी उरुग्वेत राष्ट्रीय सुटी जाहीर झाली. तर ब्यूनोस आयरीसमध्ये उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक झाली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. घरच्या प्रेक्षकांचे बळ उरुग्वेला लाभले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन्ही सुवर्णपदके त्याने परक्या भूमीवर मिळवली होती, आणि १९२८ चे तर याच अर्जेंटिनाला हरवून! पुढे १९५० साली ब्राझीलमध्ये, यजमानांच्याच मैदानावर, त्याने पुन्हा जगज्जेतेपद मिळवले. तेव्हा हा विजय केवळ घरच्या अंगणाची देणगी नव्हता.

दोन चेंडूंची ती तडजोड आज विनोदी वाटते. आता चेंडू कोणता असावा हे जागतिक संघटनाच ठरवते, आणि तो वाद उरलेला नाही. पण ज्या दिवशी सर्वमान्य नियम अपुरा पडला, त्या दिवशी दोन कडव्या प्रतिस्पर्ध्यांनी समसमान वाटणी पत्करली, म्हणूनच तो सामना खेळला गेला. पराभूताच्या मनातील सल त्याने गेला नाही हे खरे. परंतु वाढणाऱ्याचा हात झुकला, असे म्हणण्यास चेंडूपुरती तरी जागा उरली नाही.