मोडीत निघालेल्या ट्रामचे वारस

जुनी वस्तू मोडीत काढण्यास एक ठराव पुरतो. ती जपण्यास माणसे लागतात. ब्रिटनमधील विजेच्या ट्रामगाड्यांची कथा याची साक्ष देते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शहरांनी एकामागून एक रूळ उखडले. लंडनची ट्राम १९५२ मध्ये थांबली, शेफील्डची १९६० मध्ये आणि ग्लासगोची १९६२ मध्ये. बसगाडी अधिक सोयीची ठरत असता ट्रामविषयी हळहळणे हा बहुतेकांना भाबडेपणा वाटला असल्यास नवल नाही.

तो भाबडेपणा काही हौशी मंडळींनी पत्करला. १९४८ मध्ये साउदॅम्प्टनच्या ट्राममार्गांची सफर करण्यास जमलेल्या मंडळींनी १९०३ साली बांधलेली, उघड्या माथ्याची ४५ क्रमांकाची गाडी दहा पौंडांना विकत घेतली. अमेरिकेतील मेन राज्यात अशाच एका गटाने १९३९ मध्ये दीडशे डॉलरना एक गाडी घेतली होती. त्यातूनच तेथील सीशोअर ट्रॉली संग्रहालय उभे राहिले. पण गाडी विकत घेणे सोपे, ती ठेवणे कठीण. साउदॅम्प्टनची गाडी वर्षानुवर्षे आश्रय शोधत हिंडली. अखेर १९५५ मध्ये ट्रामवे म्युझियम सोसायटी स्थापन झाली आणि १९५९ मध्ये डर्बीशायरमधील क्रिच येथे एका दगडाच्या खाणीत तिला जागा मिळाली. बंद पडलेल्या मार्गांवरचे रूळ आणून ते स्वयंसेवकांनी तेथे अंथरले. १९६३ मध्ये घोड्याची आणि १९६४ मध्ये विजेची ट्राम तेथे धावू लागली.

या कामातील कष्टांची कल्पना बाहेरून येत नाही. मोडीत गेलेल्या अनेक गाड्यांचे सांगाडे बागेतील खोपटे किंवा कोंबड्यांचे खुराडे म्हणून वापरले गेले होते. असा सांगाडा हाती आला की कुजलेले लाकूड बदलावयाचे, रंगाचे थर एकेक करून खरवडून मूळ रंगाचा माग काढावयाचा, हरवलेली पितळी मूठ साच्यातून पुन्हा ओतावयाची. चाके व मोटारी तर बहुधा दुसऱ्याच शहराच्या गाडीतून मिळवाव्या लागतात. मोटारीच्या तारा नव्याने गुंडाळणे, कंट्रोलरमधील ठिणग्यांनी जळालेले तांब्याचे स्पर्शक बदलणे, हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि हातात अधिक असते. एकेका गाडीवर वर्षेच्या वर्षे खर्ची पडतात.

येथे एक खरा पेच उभा राहतो. गाडी चालविली तर ती झिजते आणि तिचा मूळ भाग हळूहळू नाहीसा होतो; न चालविली तर तिचा आवाज, तिचा हेलकावा आणि ती चालविणाऱ्याचे कसब हरपते. काही गाड्या जशाच्या तशा राखाव्यात आणि काही धावत्या ठेवाव्यात, हाच यातील शहाणा मार्ग होय. कारण केवळ यंत्र जपणे हे येथील साध्य नाही. त्यामागील श्रमविद्या जपणे हे आहे.

मुंबईकरांनी या इतिहासातील एक तारीख लक्षात घ्यावी. १९०७ मध्ये सुरू झालेली मुंबईची विजेची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. म्हणजे ज्या वर्षी खाणीतल्या स्वयंसेवकांनी ट्राम चालू केली, त्याच वर्षी मुंबईने ती थांबविली! शेवटच्या फेरीला गर्दी लोटली. पण निरोप देणे आणि जतन करणे यांत अंतर आहे. मुंबईच्या रस्त्यावर चालती ट्राम आज पाहावयास मिळत नाही.

कालबाह्य म्हणून टाकलेले ते सारेच कालबाह्य नसते, हेही काळाने दाखविले. शेफील्डने १९६० मध्ये बंद केलेली ट्राम १९९४ मध्ये नव्या रूपात परतली. शहराला रूळ पुन्हा घालता आले, कारण रुळांना पैसा पुरतो. हातातील विद्या मात्र एका पिढीने दुसरीला दिली नाही तर ती कोणत्याही अंदाजपत्रकातून विकत घेता येत नाही. सुटीच्या दिवशी तेलाने हात काळे करणारे हे स्वयंसेवक म्हणूनच नुसते छंदिष्ट नव्हेत. समाजाने निष्काळजीपणे टाकून दिलेल्या वारशाचे ते विश्वस्त आहेत.