निळी गोळी आणि जिभेखालची गोळी

मेडिकलच्या काउंटरवरची बाकीची गिऱ्हाइकं पांगेपर्यंत घुटमळायचं, मग मोबाइलवरचं नाव हळूच पुढे करायचं आणि पुडी खिशात कोंबून निघायचं. ताठरतेच्या गोळ्यांची खरेदी आपल्याकडे बऱ्याचदा अशी होते. खरं तर सिल्डेनाफिल काय किंवा टाडालाफिल काय, ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची औषधं आहेत. चिठ्ठी नाही म्हणजे प्रश्न विचारणारंही कुणी नाही. म्हणूनच लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि ज्याला घाबरायला हवं ते त्यांना माहीतच नसतं.

'या गोळीने हार्ट अटॅक येतो,' ही सर्वांत मोठी भीती. गंमत अशी, की सिल्डेनाफिलच्या चाचण्या मुळात हृदयविकारातल्या छातीदुखीसाठीच चालल्या होत्या. तिथे त्याचा फारसा प्रभाव पडला नाही, दुसराच परिणाम लक्षात आला आणि मार्च 1998मध्ये अमेरिकेत ते व्हायग्रा नावाने ताठरतेसाठी मंजूर झालं. हृदयविकार आटोक्यात असलेल्या अनेकांना डॉक्टर ही गोळी देतात. दोन जिने चढून दम लागत नसेल, छातीत दुखत नसेल, तर शरीरसंबंधाचे श्रम बहुधा झेपतात. नुकताच अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, बीपी फारच वर किंवा खाली असेल, तर मात्र आधी हृदयाकडे बघायचं.

खरा धोका आहे तो नायट्रेटचा. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट कितीतरी घरांत असते. ती रक्तवाहिन्या सैल करते. ताठरतेची गोळीही त्याच साखळीवर काम करते: रक्तवाहिन्या सैल ठेवणारं शरीरातलं रसायन ती लवकर मोडू देत नाही. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब असा कोसळतो की माणूस जागीच आडवा होतो, प्रसंगी दगावतोही. समजा, शनिवारी रात्री कुणी टाडालाफिल घेतली, घरात कुणाला पत्ता नाही. रविवारी संध्याकाळी छातीत कळ आली आणि बायकोने काळजीपोटी सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली. टाडालाफिलनंतर निदान 48 तास आणि सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास नायट्रेट देत नाहीत. अशा वेळी अँब्युलन्समधल्या डॉक्टरांना 'काल अमुक गोळी घेतली होती' हे सांगायलाच हवं, भले बायकोसमोर सांगावं लागो. उलट, ज्यांना रोजच नायट्रेट चालू आहे त्यांनी ताठरतेची गोळी घ्यायचीच नाही. निकोरँडिल चालू असेल तरी तेच.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर मनाई नाही, पण चक्कर येऊ शकते, म्हणून डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करतात. बुरशीवरची काही औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिकं सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, तेही त्यांच्या कानावर घालावं.

'गोळी घेतली की आपोआप सगळं होतं.' नाही होत. तिने इच्छा वाढत नाही. इच्छा आणि स्पर्श हवाच, गोळी फक्त रक्तप्रवाहाला मदत करते. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घेतात. मटणाचं भरपेट जेवण करून वर घेतली तर ती उशिरा आणि कमी लागू पडते, आणि सोबत दारू असेल तर विचारायलाच नको. मग 'शंभरची चालली नाही' म्हणून त्याच रात्री दुसरी घेणारे भेटतात. सिल्डेनाफिलची दिवसातून एकच गोळी, तीही जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅमची. सुरुवात सहसा 50ने होते, पासष्टी उलटलेल्यांना किंवा यकृत-मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना 25ने. पहिल्याच खेपेला गुण आला नाही, म्हणून औषध निकामी ठरत नाही.

आणि 'आमचं जडीबुटीचं आहे, साइड इफेक्ट नाही' म्हणणारे! अशा कितीतरी 'नैसर्गिक' उत्पादनांत तपासणीत चक्क सिल्डेनाफिल सापडलेलं आहे, किती ते लेबलवर नसतं. सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने अशी पुडी निर्धास्तपणे घेतली तर काय होईल, ते वर आलंच आहे. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला आपल्याकडे 1954च्या कायद्यानेच बंदी आहे. लोकलच्या डब्यातली पत्रकं बघून ते खरं वाटत नाही, एवढंच.

काहीच त्रास नसताना गंमत म्हणून गोळी घेणाऱ्या तरुणांना तिचा उपयोग नाही, डोकेदुखी मात्र मिळू शकते. डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, अपचन हे तसे किरकोळ. पण ताठरता चार तासांहून जास्त टिकली, अचानक दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं.

'वय झालं, आता हे व्हायचंच,' हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे चरबी साचायला लागली की कुरकूर आधी इथे सुरू होऊ शकते आणि छातीत दुखणं काही वर्षांनी. कुणाकुणाचा मधुमेहही या तक्रारीमुळेच कळतो. म्हणून डॉक्टर गोळी लिहिण्याआधी साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासतात, सिगारेटचं विचारतात, गरज वाटली तर सकाळचं टेस्टोस्टेरॉनही करायला सांगतात. बीपीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते, पण त्या परस्पर बंद करायच्या नसतात, डॉक्टर बदलून देऊ शकतात. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक चूर्णाची डबीसुद्धा.