मास्तर प्रयोगशाळेंत

मे महिन्याची सुट्टी म्हणजे लग्नकार्यें, आंबे आणि जमल्यास लोणावळ्याची हवा, असा आपल्या घरांतील सर्वसाधारण समज. परंतु त्याच लोणावळ्यास एका शिक्षकाच्या जिज्ञासेचें स्मारक उभें आहे. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस फार दिवस वाटत होतें.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढें प्रसिद्धीस आलेले स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ सालचा. मॅट्रिकच्या परीक्षेंत त्यांनीं संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली. पुढें ते अंमळनेरास अध्यापक झाले, आणि नर्मदाकांठच्या परमहंस माधवदासजींपाशीं त्यांनीं योगविद्या संपादिली. अशा संस्कृतज्ञास ग्रंथवचन प्रमाण मानून स्वस्थ बसतां आलें असतें. हठयोगप्रदीपिकेंत बस्तीची क्रिया सांगितली आहे. साधकानें नाभीइतक्या पाण्यांत बसावें व नळीवाटें पाणी आंतड्यांत ओढून घ्यावें. पिचकारी नाहीं, पंप नाहीं. मग पाणी वर चढतें कसें?

हा प्रश्न घेऊन १९२०-२१ च्या सुमारास गुणे मास्तर बडोद्याच्या रुग्णालयांत गेले. उड्डियान व नौली चालू असतांना पोटांत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें पाहिलें. पुढें आंतड्यांतील दाबहि मोजला. नौली करतांना मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, म्हणून बाहेरचा दाब पाण्यास आंत लोटतो. पिचकारीचा दांडा मागें ओढला असतां रंग आंत शिरतो, त्याचेंहि कारण हेंच. या निर्वातास त्यांनीं आपल्या गुरूचें नांव दिलें: माधवदास निर्वात. श्रद्धेनें तपासणीस भ्यावें लागत नाहीं, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं निघालेल्या ‘योगमीमांसा’ त्रैमासिकांत हे प्रयोग प्रसिद्ध होऊं लागले.

येथें आमची एक चूक सांगितली पाहिजे. हवेचा दाब आम्हींहि वर्षानुवर्षें शिकविला. पाण्यानें भरलेला पेला, वर पुठ्ठा, आणि पेला उलटा करावयाचा. पांच मिनिटांचें काम. तें न करतां आम्हीं पुस्तकांतील वाक्य फळ्यावर लिहून दिलें. एका मुलानें विचारलें, “गुरुजी, तुम्ही स्वतः पाहिलें आहे का?” आम्हीं त्यास उद्धट ठरवून खालीं बसविलें. वास्तविक त्या तासांत विज्ञान जाणणारा तोच एक होता.

आज मावळांतील शिक्षकास पुणें फार दूर नाहीं. पाषाण येथें २००६ सालीं स्थापन झालेली आयसर संस्था विज्ञानशिक्षकांसाठीं प्रशिक्षणवर्ग चालविते. ज्यास वर्षभर उत्तरें द्यावयाचीं आहेत, त्यानें सुट्टींत कांहीं दिवस तरी प्रश्न घेऊन प्रयोगशाळेच्या दारीं जावें. आणि घरांतील वडील मंडळींस आमची एक विनंति आहे. सूनबाई शिक्षिका असतील व मे महिन्यांत आठपंधरा दिवस अशा कामासाठीं मागतील, तर कुरडया-लोणच्यांचें निमित्त पुढें करूं नये. कुरडया पुढल्या वर्षींहि होतील.