पटावरची वाटाघाट

पटावरच्या खेळांत गोडी कशाने येते, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. पण खेळायला आधी वेळ लागतो, आणि कष्टकऱ्याला तो वेळ कुणी आपण होऊन दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभी केली, आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. भांडून मिळवलेला हा वेळ आपण कशात घालवतो, याचा विचार आम्हाला परका वाटत नाही.

गोडी म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी आधी घरातलेच खेळ तपासू. मोक्षपट, म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज, परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला आहे. दान पडेल तितकी घरे जायचे. शिडी आली की वर, साप आला की खाली. त्यात शिकवण आहे, हसणेखिदळणे आहे, पण खेळणाऱ्याने ठरवावे असे काहीच नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी बसला तरी सोंगटी त्याच घरात जाईल. सारीपाटात दान फाशांचे, पण कोणती सोंगटी चालवायची हे आपल्या हातात. बुद्धिबळाच्या पटावर नशिबाला जागाच नाही. म्हणून मुरलेल्या खेळाडूपुढे नवशिक्याचा निभाव लागत नाही, आणि थोड्याच वेळात दोघेही कंटाळतात. यावरून एक गोष्ट दिसते. माणसाला गोडी वाटते ती निर्णय घेण्यात. आणि निर्णय खरा केव्हा? दोन चांगल्या गोष्टींपैकी एक सोडावी लागते तेव्हा. पगारवाढ जास्त मागावी की रजा, हे ज्यांनी वाटाघाटीच्या टेबलावर ठरवले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता नव्या खेळांकडे वळू. जर्मनीत क्लाउस टॉइबर नावाचा एक दंततंत्रज्ञ होता. त्याने रचलेला ‘कॅटान’ हा खेळ १९९५ साली प्रसिद्ध झाला. पट षटकोनी तुकड्यांचा. विटा, लाकूड, लोकर, धान्य आणि खनिज देणाऱ्या जमिनींचा. बहुतेक जमिनींवर एकेक आकडा असतो. दोन फासे टाकायचे. जो आकडा येईल त्या जमिनीला लागून ज्याची वस्ती, त्याला तिथला माल. आता हिशेब पाहा. दोन फासे ३६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांत सहा पाच प्रकारांनी येतो, आठही पाच प्रकारांनी. दोन आणि बारा मात्र एकेकाच प्रकाराने. म्हणून सहा-आठच्या जमिनीवर सर्वांचा डोळा. पण ती धरायला गेलो तर विटांची जमीन हातची जाते, आणि विटांवाचून रस्ता होत नाही. मग ज्याच्याकडे विटा आहेत त्याच्याशी बोलावे लागते. “दोन लोकर घे, एक वीट दे.” नशीब आहे, पण त्याचा अंदाज बांधता येतो. डोके चालवता येते, पण शेजाऱ्यावाचून अडते. शिवाय फासे कोणीही टाकले तरी माल आपल्यालाही मिळू शकतो, म्हणून दुसऱ्याची पाळी असतानाही आपले लक्ष पटावरून हलत नाही. आमच्या मते नव्या खेळांची निम्मी गोडी या एका युक्तीत आहे.

अशा खेळांना पुढे पुरवण्या निघतात. वेगळ्या पेटीत नवे तुकडे, नवी पाने, नवे नियम येतात आणि ते मूळ खेळाला जोडायचे असतात. पुरवणी कोणती चांगली? माहीमच्या माणसाला हे आपल्या रस्त्यावरून समजेल. १८४५ साली माहीम-वांद्र्यामधला कॉजवे खुला झाला. त्याआधी खाडी होडीने ओलांडावी लागे. लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी पैसा दिला, आणि पथकर घ्यायचा नाही अशी अट घातली. रस्ता एकच वाढला, पण अलीकडच्या नि पलीकडच्या सगळ्या जागांचे मोल बदलले. चांगली पुरवणी अशीच असते. ती पटावर चार घरे वाढवून थांबत नाही, जुन्या घरांची किंमत बदलते.

कॅटानचीच १९९८ ची ‘शहरे आणि सरदार’ ही पुरवणी घ्या. तीत समुद्रातून लुटारूंचे जहाज हळूहळू जवळ येत असते. पटावर जितकी शहरे जास्त, तितके लुटारूंचे बळ मोठे. त्यांना अडवायला सरदार लागतात, आणि सरदार सज्ज करायला धान्य. सर्वांच्या सज्ज सरदारांचे बळ एकत्र मोजतात. ते पुरले तर सर्वाधिक भार उचलणाऱ्याला एक गुण मिळतो. कमी पडले तर शहरवाल्यांपैकी ज्याने सर्वांत कमी हातभार लावला, त्याचे शहर पडते. आता मूळ खेळातला जुना प्रश्न पाहा: धान्य शहराला घालू की साठवू? त्यात एक नवा प्रश्न येऊन मिसळला: सर्वांच्या रक्षणाला किती देऊ, आणि शेजारी देईल या भरवशावर किती राखू? वर्गणी चुकवून कराराचा लाभ घेणारा सभासद प्रत्येक कारखान्यात असतो. त्याचे कोडे इथे पाऊण पानाच्या नियमात बसवले आहे. पुरवणीने नवा प्रश्न आणला तर गोडी वाढते. नुसते सामान आणले तर पेटी जड होते आणि पाळी लांबते. खेळणाऱ्यांची संख्या वाढवणारी कॅटानची पुरवणी आहे. तीत एकाची पाळी संपताच इतरांनाही बांधकाम करू देणारा नियम घातला, तो माणूस तिष्ठत बसू नये म्हणूनच.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. झैन मेमन यांनी रचलेला आणि मेमेसिस कल्चर लॅबने काढलेला ‘शासन’ हा खेळ २०१९ साली लोकांकडून आगाऊ पैसे जमवून उभा राहिला. खेळणारा राजकारणी होतो. दुसरा त्याला सार्वजनिक प्रश्न वाचून दाखवतो. उत्तर द्यायचे, पण त्याने हाती काय लागेल हे आधी कळत नाही. उत्तराप्रमाणे पैसा, वजन, प्रसिद्धी किंवा विश्वास पदरात पडतो आणि त्यातून मते घ्यायची. प्रश्नांची पाने बदलली की त्याच पटावर प्राचीन रोम येते, नाहीतर आजचा भारत. पुरवणीचा हा फार काटकसरी प्रकार झाला.

नियम बदलले की पट बदलतो, याचा सर्वांत बोलका दाखला मात्र जुना आहे. आपण ‘व्यापार’ म्हणून जो खेळ खेळतो, त्याचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईच्या खेळात आहे. तिने त्याचे पेटंट १९०४ साली घेतले. जमिनीच्या भाड्याने एकजण गबर होतो आणि बाकीचे नागवतात, हे लोकांना दाखवावे हा तिचा हेतू. म्हणून तिने नियमांचे दोन संच केले: एकात एकाची मक्तेदारी, दुसऱ्यात संपत्ती वाढली की लाभ सर्वांना. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने तिचा हक्क ५०० डॉलरला घेतला. जगभर खपला तो मक्तेदारीचा संच, आणि नाव झाले दुसऱ्याचे. त्या संचात गोडीचाही तोटा आहे. निकाल अर्ध्या वाटेवर कळतो, आणि ज्याचे दिवाळे निघाले तो बाजूला बसून इतरांचा खेळ पाहतो. नव्या खेळांपैकी पुष्कळांनी ही चूक टाळली आहे. त्यांत शेवटपर्यंत कोणी बाहेर फेकला जात नाही, आणि मागे पडलेल्यालाही काहीतरी करता येते.

आपल्या मुलांना हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक आहे. चाळीच्या चिंचोळ्या जागेत क्रिकेट खेळताना ‘गॅलरीत चेंडू गेला की आउट’ हा नियम कोणी छापून दिला नव्हता. धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून सामावून घेणे, रडीचा डाव चालू न देणे, हेही सर्वांनी मिळून ठरवलेले. जागा पाहून, माणसे पाहून, एकमताने केलेला नियम हीच खरी पुरवणी.

अडचण एकच, आणि ती किमतीची. परदेशी खेळाची पेटी हजारांत जाते, पुरवणीचे पैसे निराळे. ज्याला बाराच दिवस पुरेल एवढा पगार महिनाभर ओढायचा आहे, त्याने ती कशी घ्यावी? पण पुस्तके तरी आपण सगळी कुठे विकत घेतो? वाचनालय काढतो. मुंबईत कामगार कल्याण निधीचा कायदा १९५३ साली झाला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या केंद्रांनी कॅरमचा बोर्ड कष्टकऱ्यांच्या पोरांपुढे ठेवला. एका बोर्डावर दिवसभरात कितीतरी हात फिरतात. तसेच वाचनालयांनी आणि मंडळांनी दोनचार चांगल्या पेट्या घेऊन एका फळीवर ठेवाव्यात, नियम सोप्या मराठीत लिहून आत घालावेत, आणि रविवारी दोन तास एक टेबल मोकळे करावे. मोठी रक्कम लागणार नाही. वर्गणी काढायची तर पहिली पावती आमच्या नावाने फाडावी.